शेपटीला पंख फुटलेल्या गाड्या

लास वेगासहून ग्रँड कॅन्यनला मोटारीने निघालं की किंगमननंतर वाटेत ॲरिझोनातलं सेलिग्मन गाव लागतं. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं आणि त्यांच्याकडे सुट्टीला आलेले आईवडील इथे बऱ्याचदा चहाकॉफीला थांबतात. रस्त्याकडेला 'रूट ६६' या जुन्या महामार्गाची पाटी असते आणि तिच्या आसपास एखादी अजस्र जुनी गाडी उभी असते. दोन रंगांत रंगवलेली, क्रोमने लखलखणारी, मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे दोन पंख उभारलेली. फोटो काढून झाला की पुढचा प्रश्न 'किती सालची असेल?' हाच असतो. गंमत अशी की हा प्रश्न लोकांना पडावा, शेजाऱ्याची गाडी कितव्या सालची आहे हे लांबूनच कळावं, म्हणूनच या गाड्या अशा घडवल्या गेल्या होत्या.

१९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ज्यांना गाडी परवडत होती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दारात ती आलेली होती. फोर्डची मॉडेल टी स्वस्त होती, टिकाऊ होती आणि वर्षानुवर्षं तशीच दिसत होती. १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्लोन यांनी याच्या उलट डाव टाकला : चालू असलेली गाडी मालकाला जुनी वाटली पाहिजे. त्यासाठी दरवर्षी रूप पालटायचं. १९२७ मध्ये त्यांनी हॉलिवूडच्या श्रीमंतांसाठी खास बॉडी बनवणाऱ्या हार्ली अर्ल यांना डेट्रॉइटला आणलं आणि गाडीच्या दिसण्यासाठी वेगळा विभागच उघडला. अर्ल मातीचे नमुने करून गाड्या घडवत. गाडी लांब आणि बुटकी दिसली पाहिजे हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास.

पंख आले ते विमानातून. १९४१ मध्ये अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान पाहिलं. मग युद्ध आलं, प्रवासी गाड्यांचं उत्पादन १९४२ मध्ये थांबलं आणि ती शेपटी जनरल मोटर्सच्याच महागड्या कॅडिलॅकवर १९४८ मध्ये उगवली. तेव्हा तो मागच्या दिव्यावरचा नुसता उंचवटा होता. त्याच दिव्याखाली पेट्रोलचं झाकण लपवायची कॅडिलॅकची जुनी खोड होती.

या लपवाछपवीत सगळ्यात पुढे गेली जनरल मोटर्सचीच स्वस्तातली शेव्हर्ले. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन वर्षांच्या शेव्हर्लेचा मूळ सांगाडा एकच आहे, पण तिन्ही वेगळ्या ओळखू येतात. वाटेत दिसली तर डाव्या बाजूला मागे पाहावं. १९५५ला पेट्रोलचं झाकण मागच्या पत्र्यावर उघड आहे. १९५६ला डावा मागचा दिवाच बिजागरीवर उघडतो आणि झाकण त्याच्या मागे. १९५७ला ते डाव्या पंखाच्या कडेच्या क्रोम पट्टीत असं मुरवलंय की माहीत नसलेला माणूस पंपावर गाडीभोवती फेऱ्याच मारेल. स्लोनचं धोरण समजून घ्यायला मला हे झाकण पुरेसं वाटतं : टाकी तीच, तोंड दरवर्षी नवं.

सगळाच देखावा होता असं मात्र नाही. १९५५ मध्ये एड कोल यांच्या हाताखालच्या चमूने शेव्हर्लेला जे २६५ घनइंचाचं व्ही-८ इंजिन दिलं, ते हलकं, आटोपशीर आणि दमदार होतं. १९५७ मध्ये ते २८३ घनइंचांचं झालं आणि फ्युएल इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) घेतलं तर तितकीच, म्हणजे २८३ अश्वशक्ती द्यायचं. शेव्हर्लेची वरच्या दर्जाची बेल एअर साधारण २,३०० डॉलरपासून मिळत असे. आज जिच्या मागे लोक वेडे होतात त्या १९५७च्या मॉडेलवर्षात शेव्हर्लेला फोर्डने विक्रीत मागे टाकलं होतं. गिऱ्हाइकांना ती फोर्डपुढे जुनाट वाटली म्हणे!

पंखांची खरी चढाओढ लागली ती क्रायसलर या प्रतिस्पर्धी कंपनीमुळे. ऑगस्ट १९५६ मध्ये जनरल मोटर्सचा चक जॉर्डन नावाचा तरुण डिझायनर जेवणाच्या सुट्टीत क्रायसलरच्या कारखान्यावरून गेला. कुंपणाआड १९५७च्या नव्या प्लिमथ, म्हणजे क्रायसलरच्याच गाड्या, उभ्या होत्या. बुटक्या, धारदार, उंच पंखांच्या. अर्ल तेव्हा युरोपात होते. त्यांच्या माघारी बिल मिचेल आणि मंडळींनी १९५९साठी तयार होत आलेले जाडजूड नमुने बाजूला सारले आणि नव्याने कामाला लागले. क्रायसलर पंखांमुळे गाडी वाऱ्यात स्थिर राहते असं सांगत असे. रस्त्यावरच्या रोजच्या वेगाला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्या घाईघाईने बाजारात आणलेल्या सुंदर गाड्या गंजायच्याही लवकर.

त्या ईर्ष्येतून जन्मली १९५९ची कॅडिलॅक. लांबी पावणेएकोणीस फूट, पंख आजवरचे सगळ्यात उंच आणि प्रत्येक पंखात रॉकेटच्या ज्वाळेसारखे दोन-दोन लाल दिवे. तिचं उघड्या टपाचं एल्डोराडो बिआरिट्झ हे रूप ७,४०१ डॉलरला होतं आणि अशा फक्त १,३२० गाड्या निघाल्या. मला स्वतःला ती डोळ्यांत खुपते. १९५७च्या शेव्हर्लेचा तोल तिच्यात नाही. पण रस्त्यात दिसली तर मान वळतेच, हेही खरं.

उतरण लगेच लागली. १९५८च्या मंदीत लोक छोट्या रॅम्बलर आणि फोक्सवॅगनकडे वळले होते, अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाले. १९६०पासून पंख खुजे होत गेले आणि १९६५च्या कॅडिलॅकवर उरलेच नाहीत. टेक्सासमध्ये अमरिलोजवळ १९७४ मध्ये काही कलावंतांनी १९४९ ते १९६३ या काळातल्या दहा कॅडिलॅक नाक जमिनीत खुपसून ओळीने पुरल्या. पंखांचा सगळा चढउतार तिथे एका रांगेत पाहता येतो.

या गाड्यांच्या आठवणी काढताना दोन गोष्टी सोयीस्करपणे गळतात. एक म्हणजे सुरक्षितता. २००९ मध्ये अमेरिकी विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने १९५९ची बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मालिबू समोरासमोर धडकवली. नव्या गाडीतला चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता, जुन्या गाडीतला वाचला नसता. 'जुना पत्रा दणकट होता' हे वाक्य त्या दिवशीच निकालात निघायला हवं होतं. दुसरी गोष्ट रस्त्याची. कृष्णवर्णीय कुटुंबाने हीच गाडी घेतली तरी वाटेत कुठे जेवायला, झोपायला मिळेल याची खात्री नसे. हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून अशा ठिकाणांची यादी छापायला सुरुवात केली, आणि ती १९६०च्या दशकापर्यंत लागत राहिली.

मग त्या सेलिग्मनलाच का दिसतात? शिकागो ते सँटा मोनिका हा रूट ६६ १९२६चा. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि गावागावातून जाणारा हा रस्ता हळूहळू बाजूला पडला. सेलिग्मनला वळसा घालणारा महामार्ग १९७८ मध्ये सुरू झाला आणि गावातली वर्दळ एकाएकी आटली. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी १९८७ मध्ये लोकांना गोळा करून हा रस्ता 'ऐतिहासिक' ठरवून घेतला. तोवर, १९८५ मध्ये, राष्ट्रीय यादीतून तो काढूनही टाकला होता. ॲरिझोनाची कोरडी हवा पत्र्याला मानवते. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ हाच पत्रा खालून खाऊन टाकतं.

यातल्या काही गाड्या मुंबईलाही परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायसलरशी करार करून डॉज आणि प्लिमथ बाहेर काढल्या. पुढे १९५३ मध्ये सरकारने नुसती जोडणी करणाऱ्यांना गाशा गुंडाळायला सांगितलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड परत गेले, प्रीमिअर फियाटकडे वळली. १९६४ची फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत थोड्याफार फरकाने तशीच निघत राहिली. स्लोनच्या युक्तीचं इथे कुणाला काम नव्हतं, कारण गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार होते.