शाळेच्या इतिहास मंडळासाठी स्मारकावरील उपक्रमाची परवानगी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

कोकणातील शाळांची इतिहास मंडळे मुलांना विजयदुर्गावर, पन्हाळेकाजीच्या लेण्यांत किंवा रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवरील) कातळशिल्पांकडे, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांकडे, नेतात, तेव्हा प्रत्येक वेळी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच असे नाही. पाहणे, वहीत टिपणे घेणे, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढणे यांसाठी अर्ज करावा लागत नाही. केंद्र संरक्षित, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील, तिकीटस्थळी १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्कही नाही. मात्र जन्मतारीख असलेले शाळेचे ओळखपत्र जवळ असावे.

परवानगीचा प्रश्न येतो तो मुलांना सर्वाधिक आवडणाऱ्या कामांत. शिलालेखाचा कागदावर ठसा घेणे, मूर्तीचा साचा काढणे, अक्षरे नीट दिसावीत म्हणून दगडाला पाणी किंवा तेल लावणे, कॅमेऱ्याची तिपाई अथवा मोठा चित्रफलक आत नेणे, या गोष्टी केंद्र संरक्षित स्मारकांवर प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय करता येत नाहीत. संरक्षित क्षेत्रात उत्खनन परवान्याशिवाय होत नाही, आणि तो परवाना शालेय मंडळासाठी नाही. म्हणून खणण्याची हौस शाळेच्या आवारात वाळूचा चौरस आखून, त्यात खापऱ्या पुरून भागवावी. शिकवण्याच्या दृष्टीने तेच अधिक उपयोगी आहे, कारण तिथे थर चुकला तरी पुरावा नष्ट होत नाही.

अर्ज विद्यार्थ्यांनी नव्हे, तर मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर करावा. केंद्र संरक्षित स्मारकासाठी तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई येथील अधीक्षक पुरातत्त्वविदांकडे, तर राज्य संरक्षित स्थळासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे द्यावा. उपक्रमाचे स्वरूप, दिनांक व वेळ, विद्यार्थ्यांची संख्या व वयोगट, जबाबदार शिक्षकांची नावे आणि साहित्याची यादी त्यात असावी. यादी जितकी नेमकी, तितक्या शंका कमी. ‘इतर साहित्य’ असे मोघम लिहू नये. पालकांची लेखी संमतिपत्रे आणि शालेय सहल असल्यास शिक्षण विभागाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी.

अनेक कातळशिल्पे खासगी जमिनींत असल्याने तिथे जमीनमालकाची संमती आधी घ्यावी, आणि देवळाच्या आवारातील वीरगळांसाठी (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांसाठी) देवस्थानच्या विश्वस्तांना विचारावे. सिंधुदुर्गाची होडी पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे मालवणचा बेत त्यानंतरच ठेवावा.

जमिनीत दडलेले नाणे किंवा अन्य मौल्यवान वस्तू मुलांना सापडली, तर ती मंडळाच्या संग्रहात ठेवता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आजच्या हिशेबाने दहा रुपयांहून कमी मोलाचे, म्हणून या नियमातून सुटणारे, फारसे काही उरत नाही. सूचनेत वस्तूचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक लिहावा, सोबत जागेवरचे छायाचित्र जोडावे आणि दाखल केल्याची पोच घ्यावी.