वापरकर्त्यांची गळती (समाजमाध्यमे)

एखाद्या समाजमाध्यमावर लोकांचे येणे कमी होत जाऊन थांबणे, म्हणजे गळती. रीतसर खाते बंद करणारे थोडे असतात. बहुतेकांचे खाते राहते, माणूस फिरकत नाही. म्हणून नोंदणीकृत खात्यांचा आकडा पाहण्यात फारसा अर्थ नाही. रोजच्या सक्रिय वापरकर्त्यांना महिन्याच्या सक्रिय वापरकर्त्यांनी भागावे. उत्तर ०.५ आले, तर सरासरी माणूस महिन्यात १५ दिवस येतो. एकूण संख्या जागच्या जागी असताना हे गुणोत्तर उतरू लागले, की गळती लागलीच म्हणायची.

माणूस टिकतो तो माणसांमुळे. सोयींची नक्कल काही महिन्यांत होते, ओळखीपाळखीची होत नाही. नव्या सदस्याला १० दिवसांत ७ मित्र जोडून द्यायचे, हे फेसबुकच्या सुरुवातीच्या काळातले उद्दिष्ट याच जाणिवेतून आले होते.

गळती एकेकट्याची नसते, कोंडाळ्याची असते. यादीत ३०० नावे असली तरी खरी देवाणघेवाण दहा-बारा जणांशीच चालते. त्यातले चौघे गेले की पाचव्याच्या फोटोवर कोणी काही बोलत नाही; तो टाकणे सोडतो. मग सहाव्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. २००२ साली सुरू झालेल्या फ्रेंडस्टर या समाजमाध्यमाची पाने उघडायला फार वेळ लागे, आणि लोक मायस्पेसकडे वळले. त्या मायस्पेसला न्यूज कॉर्पोरेशनने २००५ मध्ये ५८ कोटी डॉलर मोजले. २०११ मध्ये ते सुमारे साडेतीन कोटींना विकावे लागले.

रागावलेला माणूस जाईलच असे नाही. जायला जागा लागते, आणि तिथे आधीच कोणीतरी असावे लागते. ऑगस्ट २०१० मध्ये डिग या, वाचकांच्या मतांनी बातम्यांचे दुवे वर-खाली होणाऱ्या संकेतस्थळाने चौथी आवृत्ती आणली, नापसंतीचे बटण काढले. चिडलेल्यांना तशाच धाटणीचे रेडिट तयारच सापडले. उलट गूगलच्या गूगल प्लस या समाजमाध्यमाकडे पैसा आणि तंत्र दोन्ही होते, पण तिथे येण्याचे कारण नव्हते. ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात, अशी कबुली गूगलनेच २०१८ मध्ये दिली आणि २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य ग्राहकांसाठीची सेवा बंद केली.

कायद्याने वाट थोडी मोकळी होते. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) नियमाने आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. फोटो येतात, नाती येत नाहीत. अडते ते इथेच. मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर मात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी नेता येतात, तर जुन्या पोस्ट मागेच राहतात.

निघताना क्रम चुकला की पंचाईत होते. आधी माहितीची प्रत मागवावी; ती तयार व्हायला वेळ लागतो आणि डाउनलोडची लिंक ठरावीक मुदतीत बाद होते. त्याच खात्याने इतर संकेतस्थळांवर लॉगिन करत असाल, तर तिथे ईमेल व पासवर्ड लावून घ्यावा. हे राहून जाते, आणि मग परक्याच दाराला कुलूप लागते. समूहाचे ॲडमिनपद दुसऱ्याकडे सोपवावे. मगच ‘तात्पुरते निष्क्रिय’ नव्हे, ‘कायमचे हटवा’ निवडावे. फेसबुकवर त्यानंतर ३० दिवस निर्णय फिरवता येतो. मोह टाळायचा तर सर्व उपकरणांवरून ॲप काढून टाकलेले बरे. पाठवलेले मेसेज मात्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतातच.