कॅमेरा ॲप, ग्राफीनओएसवरील

ग्राफीनओएस ही खासगीपणा व सुरक्षितता यांवर भर देणारी, अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर उभी असलेली मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम. ती प्रामुख्याने गूगलच्या पिक्सेल फोनांसाठी तयार होत आली आहे. या फोनांसोबत येणारे गूगलचे ‘पिक्सेल कॅमेरा’ हे ॲप मात्र तिच्यात नसते. त्या जागी प्रकल्पाने स्वतः लिहिलेले ॲप असते. तेच प्ले स्टोअरवर ‘सिक्युअर कॅमेरा’ या नावाने मिळते. वापरकर्त्याला हवे असल्यास पिक्सेल कॅमेरा, ‘ओपन कॅमेरा’ किंवा दुसरे कोणतेही ॲप वरून बसवता येते. एकाच सेन्सरवर भिन्न ॲप चालवून पाहण्याची सोय यामुळे होते आणि तुलनेचा विषय तिथूनच निघतो. या तुलनेत दोन प्रश्न नेहमी एकत्र कालवले जातात : फोटोची प्रत कोणत्या ॲपमध्ये चांगली, आणि फोटोबरोबर किंवा ॲपमार्फत कोणती माहिती बाहेर जाते. या नोंदीत ते वेगळे ठेवले आहेत.

प्रकल्पाचा प्रारंभ : याविषयी एकवाक्यता नाही. सुरक्षा-संशोधक डॅनियल मिके यांनी २०१४ च्या अखेरीस एकट्याने सुरू केलेल्या कामापासून प्रकल्प स्वतःचा इतिहास मोजतो. हे काम पुढे कॉपरहेडओएस या नावाने, टोरांटो येथील कॉपरहेड या कंपनीच्या आश्रयाने चालले. २०१८ मध्ये मिके आणि कंपनीचे सहसंस्थापक जेम्स डोनाल्डसन यांच्यात मालकी व धोरण यांवरून फूट पडली. प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांवर डिजिटल सही करण्याच्या सांकेतिक किल्ल्या मिके यांनी नष्ट केल्या. त्यानंतर काही काळ ‘अँड्रॉइड हार्डनिंग’ आणि २०१९ पासून ग्राफीनओएस असे नाव रूढ झाले. काही लेखक म्हणूनच २०१९ हे आरंभवर्ष देतात. स्रोत-संहितेचा वारसा पाहता २०१४ अधिक ग्राह्य वाटते; नाव व व्यवस्थापन पाहता २०१९. कॅनडातील ग्राफीनओएस फाउंडेशन ही ना-नफा संस्था २०२३ मधली. कॅमेऱ्याच्या दृष्टीने या वादाला फारसे महत्त्व नाही, कारण प्रकल्पाचे स्वतंत्र कॅमेरा ॲप साधारणपणे २०२१ च्या उत्तरार्धात आले. तोवर अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतातले जुने, अगदी साधे ॲपच वापरात होते.

चित्राची प्रत : ग्राफीनओएस टाकल्यावर फोटो पूर्वीसारखे येत नाहीत, ही तक्रार सर्रास ऐकू येते. प्रकल्पाचे म्हणणे असे, की एकच ॲप दोन्ही प्रणालींवर चालवून पाहिले तर प्रत सारखीच येते. बदलते ते ॲप, प्रणाली नव्हे. दुसरे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या अधिक सुसंगत आहे. मात्र त्यामुळे तक्रार खोटी ठरत नाही, कारण प्रणाली बदलताना बहुतेक जण नकळत ॲपही बदलतात. यातले मर्म समजण्यासाठी पिक्सेलच्या फोटोमागची गणिती प्रक्रिया पाहावी लागते.

या प्रक्रियेचे मूळ गूगलच्या ‘एक्स’ प्रयोगशाळेत २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘जीकॅम’ या कामात आहे. संगणकीय छायाचित्रणाचे अभ्यासक मार्क लेव्हॉय त्याचे प्रमुख होते. प्रश्न होता गूगल ग्लास या चष्म्याचा : एवढ्याशा चौकटीत मोठी लेन्स नि मोठा सेन्सर मावणार कुठून? प्रकाश कमी मिळणार हे गृहीत धरून, एका फोटोऐवजी झपाट्याने अनेक फोटो घेऊन ते एकत्र करण्याचा मार्ग निवडला गेला. ‘एचडीआर प्लस’ या नावाने ही रीत २०१३ मध्ये नेक्सस ५ फोनावर आली आणि २०१६ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने तिचा तपशील प्रसिद्ध झाला. रात्रीच्या छायाचित्रणासाठी तिचेच वाढवलेले रूप, ‘नाइट साइट’, नोव्हेंबर २०१८ मधले.

एचडीआरच्या (उजळ आणि अंधारे भाग एकाच फोटोत टिपण्याच्या) प्रचलित पद्धतीत एक फोटो कमी, एक मध्यम, एक जास्त उजेडाचा घेऊन त्यांची सांगड घालतात. मधल्या काळात कोणी हलले तर कडा दुहेरी दिसतात. मूळ एचडीआर प्लसमध्ये सगळ्या चौकटी (झपाट्याने घेतलेले फोटो) सारख्याच आणि मुद्दाम कमी एक्सपोजरच्या (कमी उजेडाच्या) असतात, म्हणजे आकाश किंवा दिवा पांढराफटक होत नाही. सावल्या अर्थातच काळ्या आणि रवाळ (ठिपकेदार) निघतात. मग सेन्सरकडून आलेल्या कच्च्या विदेच्या पातळीवरच या चौकटींचे लहान लहान तुकडे एकमेकांवर बसवून सरासरी काढली जाते. हा रवा यादृच्छिक असल्याने चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो घटतो. स्थिर दृश्याच्या नऊ चौकटी नीट जुळल्या, तर रवा साधारण एकतृतीयांशावर येतो. त्यानंतरच सावल्या उचलल्या जातात. जिथे हालचालीमुळे तुकडे जुळत नाहीत तिथे ते सरासरीतून गाळले जातात. म्हणूनच पळत्या पोराच्या फोटोत भिंत गुळगुळीत आणि पोराचे हात रवाळ, असा प्रकार बारकाईने पाहिल्यास आढळतो.

ही प्रक्रिया ॲपमध्ये होते की ॲपच्या खालच्या थरात, हा खरा वादाचा मुद्दा. प्रारंभीची काही वर्षे उत्तर सोपे होते : गूगलच्याच ॲपमध्ये. पिक्सेल २ मधील ‘पिक्सेल व्हिज्युअल कोअर’ ही चिप फेब्रुवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामसारख्या बाहेरच्या ॲपना खुली झाली आणि एचडीआर प्लसचा काही भाग खालच्या थरातून सर्वांना मिळू लागला. ग्राफीनओएस उत्पादकाचे तेच बंदिस्त कॅमेरा घटक वापरते, त्यामुळे हा लाभ तिथेही होतो. सिक्युअर कॅमेरा हे गूगलच्या ‘कॅमेराएक्स’ या संहिता-संचावर बेतलेले असून या खालच्या थराकडून मिळेल ते घेते. उत्पादकाने पोर्ट्रेट, एचडीआर, रात्र असे विस्तार उपलब्ध केले असतील तर तेवढेच मोड पडद्यावर दिसतात. पिक्सेल कॅमेरा याच्या पलीकडे जाऊन स्वतःची चौकट-जुळवणी, रंगछटा आणि झूमची प्रक्रिया चालवतो. भर उजेडात दोहोंतला फरक पुष्कळदा शोधावा लागतो. खिडकीसमोर बसलेला माणूस, सांजवेळ आणि लांबचा झूम या तीन प्रसंगी तो कोणालाही दिसतो, आणि सामान्यतः पिक्सेल कॅमेऱ्याच्या बाजूने दिसतो. सिक्युअर कॅमेऱ्याचा फोटो कमी ‘सजवलेला’ असतो म्हणून अधिक नैसर्गिक, असे काहींचे मत आहे. ती आवडीची बाब झाली.

मेगापिक्सेलवरून केली जाणारी तुलना बहुधा निरर्थक असते. उदाहरणार्थ, पिक्सेल ६ चा मुख्य सेन्सर ५० मेगापिक्सेलचा असला, तरी चार-चार शेजारी बिंदू एकत्र मोजले जात असल्याने फोटो सुमारे १२.५ मेगापिक्सेलचा येतो.

परवानग्या : सिक्युअर कॅमेऱ्याला कॅमेऱ्याची परवानगी एवढीच अनिवार्य आहे. फोटो अँड्रॉइडच्या माध्यम-संग्रहातून साठवले जात असल्याने फायलींची परवानगी लागत नाही. मायक्रोफोन फक्त आवाजासह व्हिडिओसाठी, लोकेशन फक्त वापरकर्त्याने मुद्दाम चालू केल्यास. पिक्सेल कॅमेऱ्याचा बारकोडांपासून फोटो-गॅलरीपर्यंतचा संसार मोठा. तो बसवणारे बहुतेक जण ग्राफीनओएसमधील ‘नेटवर्क’ परवानगी काढून घेतात, म्हणजे ॲपला थेट इंटरनेट राहत नाही. पूर्वी त्याला गूगल प्ले सेवांची किंवा त्यांचा आभास निर्माण करणाऱ्या छोट्या पूरक ॲपची गरज भासे. पुढे प्रणालीनेच ती अट सुटावी अशी सोय केली. चिपमधील गणनयंत्रणांना गूगलच्या ॲपनी थेट हात घालावा की नाही, यासाठीही वेगळे बटण आहे. काढलेल्या फोटोच्या छोट्या चौकोनावर बोट ठेवले, की हे ॲप गूगल फोटोज मागते, ही अडचण किरकोळ पण रोजची.

नेटवर्क तोडले म्हणजे सगळे तुटले, असा समज मात्र पुरता बरोबर नाही. एकाच प्रोफाइलमधील (फोनवरील एकाच वापरकर्ता-कप्प्यातील) दोन ॲप परस्परसंमतीने एकमेकांशी बोलू शकतात. गूगल प्ले सेवा त्याच प्रोफाइलमध्ये आणि इंटरनेटसह असतील, तर त्यांच्यामार्फत माहिती जाण्याची वाट तत्त्वतः उरते. पिक्सेल कॅमेरा तसे करतो असा याचा अर्थ नव्हे. ज्यांना एवढाही संशय नको त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल, किंवा अँड्रॉइड १५ (२०२४) पासूनची ‘प्रायव्हेट स्पेस’, हे उपाय आहेत.

मेटाडेटा : फोटोच्या फायलीत कॅमेऱ्याचे मॉडेल, वेळ, एक्सपोजर, अक्षांश-रेखांश इ. तपशील नोंदवण्याचे ‘एग्झिफ’ हे प्रमाण जपानमध्ये १९९५ मध्ये निघाले. त्याचे धोके सांगताना डिसेंबर २०१२ मधील प्रकरणाचा दाखला हमखास दिला जातो : बेलीझमधून निसटलेले सॉफ्टवेअर-उद्योजक जॉन मॅकॅफी यांचा फोटो ‘व्हाइस’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वातेमालात असल्याचे जगाला कळले.

सिक्युअर कॅमेरा हा मेटाडेटा मुळातच काढून टाकतो. फोटो उभा की आडवा एवढी नोंद ठेवतो, कारण ती चित्रातच दिसते. पिक्सेल कॅमेरा लोकेशन बंद ठेवता येऊ देतो, पण मॉडेल, वेळ व एक्सपोजर लिहितोच. वेळ फायलीच्या नावातही असते आणि इकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. पिक्सेल कॅमेऱ्याच्या नावात ती जागतिक प्रमाणवेळेनुसार पडते : पुण्यात सकाळी दहाला काढलेल्या फोटोच्या नावात ०४३० हे आकडे येतात. सिक्युअर कॅमेऱ्याच्या फायलींच्या नावांतही तारीख-वेळ असतेच, तेव्हा एग्झिफ पुसला तरी फाइल जशीच्या तशी पाठवल्यास वेळ जाते. उलट व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवले की एग्झिफ तसाही गळतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास राहतो. सामान्य वापरात या बाबतीत दोन ॲपमधला फरक त्यामुळे वाटतो त्यापेक्षा लहान आहे.

मेटाडेटाच्याही खाली एक खूण असते. सिलिकॉनमधील सूक्ष्म विषमतेमुळे सेन्सरचा प्रत्येक बिंदू प्रकाशाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो आणि हा आकृतिबंध त्या एका सेन्सरपुरता असतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या यान लुकाश, जेसिका फ्रिड्रिच आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी २००६ मध्ये त्यावरून कॅमेरा ओळखण्याची पद्धत मांडली. एग्झिफ पुसल्याने ही खूण जात नाही. अनेक चौकटी जुळवून एकत्र केल्यावर ती विस्कटू शकते, त्यामुळे या बाबतीत जड प्रक्रिया करणारे ॲप उलट उपयोगी पडण्याचा संभव आहे. खासगीपणाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

याच्या नेमका विरुद्ध प्रवाहही आहे. पिक्सेल १० (२०२५) पासून गूगलचे ॲप फोटोला ‘सी२पीए’ प्रमाणानुसार उगमाचा सांकेतिक पुरावा जोडते. महाराष्ट्रात फोटोला स्थळ चिकटवण्याची सक्ती अधिक ओळखीची : १५ ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावरून पिकाचा फोटो स्थाननिश्चितीसह भरतो, रोजगार हमीच्या कामावरची हजेरीही जिओ-टॅग फोटोने लागते. फोटोच्या कोपऱ्यात नकाशा, पत्ता आणि वेळ छापणारी कॅमेरा ॲप ठेकेदारांपासून ग्रामसेवकांपर्यंत सर्वांच्या फोनात दिसतात. असा मजकूर चित्रातच छापला गेल्यावर एग्झिफ पुसण्याला अर्थ उरत नाही.

इतर ॲप : ओपन कॅमेरा (२०१३, मार्क हार्मन) हे मुक्त स्रोतातील जुने व मातब्बर. शटर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता), फोकस हाताने ठरवणे आणि कच्च्या ‘डीएनजी’ फायली यांसाठी ते आजही पहिल्या पसंतीचे. फोटो काढून पुढे संगणकावर काम करणाऱ्याला सिक्युअर कॅमेऱ्यापेक्षा हेच सोयीचे. स्वतःची चौकट-जुळवणी करणारे ‘फोटॉन कॅमेरा’ हे मुक्त ॲप हौशी वर्तुळात वापरले जाते. पिक्सेल कॅमेऱ्याची इतर फोनांसाठी केलेली ‘जीकॅम पोर्ट’ रूपांतरे पिक्सेलवर लागत नाहीत, शिवाय त्यांत कोणी काय बदलले हे तपासणे कठीण. लिनिएजओएस या दुसऱ्या प्रणालीचे ‘ॲपर्चर’ हे ॲपही कॅमेराएक्सवरच आधारलेले आहे.

कोणतेही ॲप बसवले, तरी एक मर्यादा कायम राहते. अँड्रॉइड ११ (२०२०) पासून दुसऱ्या ॲपने ‘फोटो काढून दे’ अशी विनंती केल्यास ती प्रणालीसोबत आलेल्या कॅमेरा ॲपकडेच जाते. विनंती करणाऱ्या ॲपच्या लोकेशन-परवानगीनुसारच फोटोतील स्थाननोंद हाताळली जावी, हे गूगलने दिलेले कारण. परिणामी ग्राफीनओएसवर पिक्सेल कॅमेरा रोजचा असणाऱ्यालाही एखाद्या अर्जात फोटो जोडताना सिक्युअर कॅमेराच समोर येतो. त्याचे बारकोड-वाचन मात्र सर्वमान्य आहे. ते पडद्यावर आखलेल्या चौकोनापुरतेच पाहते आणि मुळात फक्त क्यूआर कोड वाचते, कारण बाकीचे प्रकार चालू केले की चुकीचे वाचन वाढते.

व्हिडिओ : फोटोंप्रमाणे व्हिडिओतील मेटाडेटा काढून टाकण्याची सोय सिक्युअर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात नियोजित म्हणून दिलेली आहे. चित्र स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मुळातच चालू असते आणि ती बंद करता येते.