वैषम्य आणि नैर्घृण्य : ईश्वरावरील दोन जुने आरोप

जगात दुःख आहे, तर त्याचा दोष ईश्वराकडे जातो का, या प्रश्नाला वेदान्ताने फार पूर्वीच आरोपपत्राचे रूप दिले. ब्रह्मसूत्रे या वेदान्ताच्या मूळ ग्रंथातील 2.1.34 या सूत्रात दोन आरोप येतात : वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. देवांना अत्यंत सुख, पशूंना अत्यंत दुःख आणि माणसांना मधली स्थिती देणारा, शिवाय शेवटी सर्वांचा संहार करणारा कर्ता निर्दोष कसा, असा पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, शंकराचार्य या सूत्रावरील भाष्यात कोणतीही सौम्यता न आणता मांडतात. त्यांचे उत्तर पर्जन्याच्या दृष्टान्तावर उभे आहे. पाऊस भात आणि जव या दोहोंना सारखाच कारण होतो, भेद पडतो तो बीजामुळे. तसाच ईश्वर प्राण्यांच्या कर्मांना अनुसरून फळ देतो.

पण पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले? ही शंका पुढच्याच सूत्रात आहे आणि संसार अनादी आहे, म्हणजे पहिली सृष्टी अशी नाहीच, हे तिचे उत्तर. ईश्वराचा न्याय यामुळे वाचतो. मात्र प्रश्न सुटण्याऐवजी मागे सरकतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. वैदिक कर्मकांडाचा विचार करणाऱ्या मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांनी तर श्लोकवार्तिक या ग्रंथात कर्त्याची कल्पनाच नाकारली : करुणेने सृष्टी केली असती, तर ती केवळ शुभच झाली असती.

हाच वाद महाभारताच्या वनपर्वात अधिक तीव्रतेने येतो, कारण तेथे प्रश्न विचारणारी द्रौपदी स्वतः अन्याय भोगत आहे. मूल खेळण्यांशी खेळते तसा विधाता प्राण्यांशी खेळतो, असे ती म्हणते, आणि मग पेच टाकते : केलेले कर्म कर्त्याला चिकटत असेल, तर सर्व करविणारा ईश्वरही पापाने लिप्त होतो, चिकटत नसेल, तर बळ हेच कारण ठरते, आणि मला दुर्बळांचे दुःख वाटते. युधिष्ठिर या बोलण्याला नास्तिक्य म्हणतो. आपण फळासाठी धर्म आचरत नाही, धर्माचा व्यापार करणारा हीन होय, असे सांगून कर्मफलांचा उदय व लय त्याने देवांचे गुह्य ठरविले आहे. धर्माचा किंवा ईश्वराचा अवमान आपण करीत नाही, आर्त होऊन बोलत आहोत, एवढे म्हणून द्रौपदी आपले बोलणे मानवी प्रयत्नाकडे वळविते. पेचाला थेट उत्तर मात्र त्या संवादात मिळत नाही.