अ‍ॅनिलिंग वेगळं, टफनिंग वेगळं

भट्टीत काच वितळवून थाळ्या, वाट्या, पॅनेल करणारे आपल्याकडे आता बरेच झाले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही पसरलं आहे: ‘आमचे पीस नीट अ‍ॅनिल केलेले असतात, त्यामुळे टफन काचेसारखे मजबूत असतात.’ प्रदर्शनातल्या स्टॉलवर ते ऐकू येतं, विक्रीच्या माहितीत छापलेलं दिसतं, शिकवणाऱ्यांच्या तोंडीही असतं. ते चुकीचं आहे, शिवाय धोक्याचं आहे. त्यावर विसंबून कुणी त्या थाळीत उकळतं वरण ओततं, कुणी ती शेल्फ म्हणून भिंतीला बसवतं. काचेतला ताण काढून टाकणं म्हणजे अ‍ॅनिलिंग आणि तो हिशेबानं भरणं म्हणजे टफनिंग. एकच काच एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही.

टफन काच सगळ्यांच्या ओळखीची आहे. शॉवरचं दार, बाल्कनीची रेलिंग, गाडीच्या बाजूच्या खिडक्या. साधी फ्लोट काच, म्हणजे खिडकीची सपाट काच, आधी मापात कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात, मग ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. टफन झाल्यावर ती कापता येत नाही. फुटली की चण्याएवढे तुकडे होतात. आधी ही पद्धत हवेची नव्हती. १८७४ मध्ये द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानं तापलेली काच तेलाच्या बाथमध्ये बुडवून ती कणखर केली होती. मोबाइलच्या पडद्यासाठी हेच काम पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात काच बुडवून, रासायनिक पद्धतीनं करतात. परिणाम तोच, पृष्ठभाग दाबाखाली येतो. टफन काचेबद्दल इथे एवढं पुरे.

काही फरक तर सांगायचीही गरज नाही. टफनिंग कारखान्यातच होतं, अ‍ॅनिलिंग घरच्या भट्टीतही. एकाला मिनिटं लागतात, दुसऱ्याला तास किंवा दिवस. यात कुणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो काचेच्या आत काय घडतं याबद्दल, आणि तिथेच थांबायला हवं.

काच ठरावीक अंशाला गोठत नाही. साध्या सोडा-लाइम काचेचा, म्हणजे खिडकीच्या किंवा बाटलीच्या काचेचा, तुकडा ५५० अंशांच्या आसपास घट्टच दिसतो, आकार सोडत नाही, पण आतली रचना अजून किंचित सरकू शकते. त्यामुळे त्या तापमानाला आतला ताण काही मिनिटांत विरतो. ५०० च्या जवळ तेच व्हायला काही तास लागतात. त्याहून खाली उतरलं की रचना अडकते, आणि त्या क्षणी जी स्थिती असेल ती कायमची होते. या चाळीस-पन्नास अंशांच्या पट्ट्यातून उतरताना काचेचा पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानात किती फरक होता, यावर पुढचं सगळं ठरतं. अ‍ॅनिलिंग आणि टफनिंग यांच्यातला खरा फरक हा आहे.

टफनिंगमध्ये हा फरक मुद्दाम प्रचंड ठेवतात. झोत लागताच वरचा थर आधी कडक होतो, गाभा अजून गरम आणि मऊ असतो. नंतर गाभा गार होऊ लागतो, त्याला आक्रसायचं असतं, पण कडक झालेला वरचा थर त्याला तेवढं आक्रसू देत नाही. मग गाभा खेचलेला राहतो आणि पृष्ठभाग दाबलेला राहतो. काच नेहमी पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यातून, तो खेचून उघडला गेला की फुटते. पृष्ठभागच दाबलेला असेल तर ओरखडा उघडायला आधी तो दाब ओलांडावा लागतो. पूर्ण टफन काचेसाठी अमेरिकेतल्या मानकात हा पृष्ठीय दाब किमान ६९ मेगापास्कल असावा लागतो. तिची ताकद तिथून येते.

अ‍ॅनिलिंगमध्ये तोच फरक जवळजवळ शून्यावर आणायचा असतो. सगळी काच एका तापमानाला, एकत्र त्या पट्ट्यातून उतरते, एकत्र कडक होते, एकत्र आक्रसते. कुणी कुणाला खेचत नाही. त्यातून काचेला ज्यादा ताकद मिळत नाही. काच मुळात जेवढी सोसते तेवढी सोसू लागते, इतकंच. फ्लोट काच कारखान्यात वितळलेल्या कथिलावरून निघाली की लांबलचक अ‍ॅनिलिंग भट्टीतून जाते. म्हणजे काचवाल्याकडची खिडकीची साधी काच हीच अ‍ॅनिल केलेली काच! तुमची थाळी उत्तम अ‍ॅनिल झाली असेल तर ती त्या खिडकीच्या काचेइतकी चांगली आहे. टफन काच एकाच पानात, म्हणजे एकाच तावात, तापमानाचा सुमारे २०० अंशांचा फरक सोसते, अ‍ॅनिल केलेली ४० च्या आसपास. म्हणून उकळतं वरण नको, मायक्रोवेव्ह नको, ओव्हन नको. हे विकणाऱ्यानं स्वतः सांगायला हवं, ग्राहकानं विचारायची वाट बघू नये.

इथून गोंधळाचा दुसरा पदर सुरू होतो: ‘अ‍ॅनिलिंग म्हणजे हळूहळू गार करणं.’ मला हे अर्धवट वाक्य त्या पहिल्या चुकीच्या वाक्यापेक्षा जास्त खटकतं, कारण ते ऐकून लोक भट्टीचा कार्यक्रम नको त्या जागी लांबवतात. अ‍ॅनिलिंगचा पहिला आणि महत्त्वाचा टप्पा म्हणजे थांबणं. भट्टी एका तापमानावर धरून ठेवायची, जाडीच्या मधोमध असलेली काचही त्याच तापमानाला येईपर्यंत. त्यानंतरची संथ उतरण ही मिळवलेली समानता टिकवण्यासाठी असते. हे धरून ठेवणं, म्हणजे ‘होल्ड’, वगळून नुसतं हळू गार केलं तर असमान सुरुवात असमानच उतरू शकते. आणि खाली ३७० अंशांनंतर पाच-पाच तास घालवण्यात अ‍ॅनिलिंगचा काही भाग नाही. तिथे फक्त अचानक गार होऊन तडा जाऊ नये एवढंच बघायचं असतं.

आकडेच घ्या. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीच्या फ्यूजिंग काचेसाठी, म्हणजे भट्टीत तुकडे वितळवून एकत्र जोडायच्या काचेसाठी, तिचा तक्ता १२ मिलिमीटर जाडीला ४८२ अंशांवर दोन तास धरायला सांगतो, मग ४२७ पर्यंत ताशी ५५ अंशांनी उतरायला. २५ मिलिमीटरला चार तास धरायचं आणि ताशी १५. ५० मिलिमीटरला आठ तास आणि ताशी ३.८. जाडी दुप्पट झाली की धरायचा वेळ दुप्पट होतो, पण उतरण्याचा वेग जवळपास चौथाईवर येतो. उष्णतेला गाभ्यातून बाहेर यायचा रस्ता दुप्पट होतो आणि बाहेर न्यायची उष्णताही दुप्पट होते, म्हणून हा वर्गाचा हिशेब. ‘थोडी जाड आहे, तासभर वाढवू’ हा अंदाज इथे चालत नाही. हीच कंपनी पूर्वी ५१६ अंशांवर धरायला सांगायची. नंतर तो आकडा खाली आणला, कारण पट्ट्याच्या खालच्या टोकाशी समानता साधली की पुढे उतरायचं अंतरच कमी होतं. एखादा अंश जादूचा असता तर हे जमलं नसतं. काच बदलली की पट्टा बदलतो, त्यामुळे ४८२ चा कार्यक्रम फ्लोट काचेच्या थाळीवर किंवा चपट्या केलेल्या बाटलीवर लावू नका. त्या काचांना ५५० च्या जवळ धरावं लागतं.

टॅक फ्यूजचे पीस, म्हणजे वरचे तुकडे उठून दिसतील इतपतच चिकटवलेले, मी सपाट पीसइतके गृहीत धरत नाही. जाड आणि पातळ भाग शेजारी असले की दोन्ही एका तापमानाला आणणं अवघड जातं. सर्वांत जाड जागा मोजा आणि तिच्या दुप्पट जाडीचा कार्यक्रम लावा. वीजबिल वाढेल. वाढू दे.

आता सर्वांत वाईट निष्कर्ष, जो हुशार माणसंही काढतात: जलद गार केल्यानं काच कणखर होत असेल तर भट्टी ६०० ला उघडून थाळी आपोआप टफन होईल. होणार नाही. टफनिंगमध्ये पान सपाट, एकसारख्या जाडीचं असतं आणि दोन्ही बाजूंना सारखे झोत असतात, म्हणून दाब आणि खेच समतोल बसतात. भट्टीतल्या थाळीचं खालचं अंग शेल्फवर किंवा साच्यावर टेकलेलं असतं, वरचं उघड्या हवेत. कडा मध्यापेक्षा आधी गार होतात, काळी काच पांढरीपेक्षा वेगळ्या वेगानं उष्णता सोडते. ताण भरतो खरा, पण वेडावाकडा, आणि खेच कुठेतरी पृष्ठभागावरच येते. अशी थाळी त्या दिवशी टिकते, महिन्यांनी कपाटात कुणी हात न लावता फुटते.

उलट दिशेचा प्रश्नही नेहमी येतो: टफन काच भट्टीत घातली तर? तापता तापता ती त्याच पट्ट्यातून वर जाते आणि तिच्यातला ताण विरून जातो. बाहेर निघते ती साधी काच. फुटलेल्या दाराचे चणे वितळवून थाळी करता येते, पण एकाच पानाचे तुकडे वापरा, आणि ‘ही टफन काचेची थाळी’ असं कुणाला सांगू नका. नवे ग्लास किंवा कंदिलाची काच मिठाच्या पाण्यात उकळून पक्की करायची घरगुती युक्तीही याच हिशेबानं निकालात निघते. १०० अंशांना काचेतला ताण जागचा हलत नाही.

आपल्याकडे लाइट जाते, त्याचं काय? भट्टीचं झाकण उघडू नका, डोकावायलाही नाही. विटांमध्ये आणि शेल्फमध्ये बरीच उष्णता साठलेली असते. लाइट आल्यावर कंट्रोलरवरचा आकडा बघा. तो होल्डच्या वर असेल तर होल्डपासून सुरू करा. खाली गेला असेल तर सावकाश परत होल्डवर न्या आणि पूर्ण वेळ पुन्हा धरा. आधी झालेले तास वजा करू नका. अ‍ॅनिलिंग पुन्हा करता येतं हा त्याचा मोठा गुण आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये पालोमार दुर्बिणीच्या आरशाची ५ मीटर व्यासाची काचेची तबकडी डिसेंबर १९३४ मध्ये ओतली आणि सुमारे दहा महिने अ‍ॅनिल केली. मध्येच जुलै १९३५ मध्ये नदीला पूर आला आणि भट्टीची वीज बंद ठेवावी लागली. तबकडी वाचली, १९३६ मध्ये रेल्वेनं कॅलिफोर्नियाला गेली.

आपला पीस नीट अ‍ॅनिल झाला का हे डोळ्यांनी बघता येतं, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून फिरवा, पडदा काळा होईपर्यंत. आता मध्ये पारदर्शक पीस धरा. तो काळ्यात मिसळून गेला तर ताण नाही. कोपऱ्यांत किंवा दोन रंगांच्या सीमेवर पांढुरकं चांदणं उजळलं तर तिथे ताण आहे. गाडीच्या टफन खिडकीवर अशा गॉगलमधून ठिपक्यांची नक्षी दिसते, ते झोतांचे ठसे. खेळ म्हणून एकदा बघाच, म्हणजे भरलेला ताण कसा दिसतो ते लक्षात राहील. अपारदर्शक काचेत हे दिसत नाही. तिच्यासाठी त्याच काचेचा छोटा तुकडा पारदर्शक काचेवर फ्यूज करून तपासायचा.

मात्र हा उजेड ताण आहे एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. पीस पुन्हा भट्टीत घालून पूर्ण होल्ड द्या. उजेड गेला तर आधीचं अ‍ॅनिलिंग कमी पडलं होतं. रंगांच्या सीमेवर जसाच्या तसा राहिला तर त्या दोन काचा एकमेकींना चालणाऱ्या नाहीत, म्हणजे गार होताना सारख्या आक्रसत नाहीत, आणि मग कितीही अ‍ॅनिल करा, उपयोग नाही. फुटलेला पीसही हेच सांगतो. तडा रंगाच्या कडेकडेनं गेला असेल तर काचांची जोडी चुकली. थाळीच्या आरपार वळत गेला असेल तर अ‍ॅनिलिंगवर संशय घ्या. तड्याच्या कडा गोलसर झाल्या असतील तर काच तापताना फुटली आणि नंतर वितळली. तिथे होल्ड वाढवून काही होणार नाही, सुरुवातीचा तापवण्याचा वेग कमी करा.