स्पेसमध्ये वर-खाली नसतं? मग यानात फ्लोअर कशाला?

व्हॉट्सॅपवर परत तेच फिरतंय, अंतराळात वजनच नाही म्हणजे वर-खाली नाही, म्हणून यानात सामान कुठेही ठोका, सगळं चालतं. अहो नाही चालत! १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकात हा प्रयोग होऊन गेलाय. तिथे डॉकिंगच्या भागात, म्हणजे यान येऊन जोडलं जातं तिथे, उपकरणं गोल भिंतीवर चहूबाजूंनी लावली होती, जागा वाचली खरी पण आत शिरलं की कुठलं पॅनल कुठे हेच पटकन कळेना, अंतराळवीर वैतागले. उलट वर्कशॉपमध्ये, म्हणजे राहण्या-कामाच्या मोठ्या भागात, घरासारखं फ्लोअर-सीलिंग होतं, ते त्यांना आवडलं. फ्लोअर म्हणजे त्रिकोणी भोकांची जाळी, बुटाच्या तळाला त्रिकोणी खुंटी, ती भोकात घालून पाय जरा फिरवला की झालं लॉक. शरीर तरंगतं हो, डोक्याला मात्र 'वर' लागतंच.

आणि स्कायलॅबच्या जेवणाच्या जागेतली ती खिडकी! इंजिनिअर लोकांना नको होती, रेमंड लोवी या डिझायनरने हट्टच धरला, आणि मग फावल्या वेळात सगळे तिथेच चिकटलेले. आजच्या आयएसएसमध्येसुद्धा (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) दिवे साधारण 'वरच्या' बाजूला आणि लेबलं एकाच दिशेने वाचता येतील अशी असतात.