लॅपटॉप खोलणे

लॅपटॉप खोलणे म्हणजे खालचं कव्हर काढून आतला पार्ट (बहुतेक वेळा बॅटरी, रॅम, एसएसडी, फॅन नाहीतर कीबोर्ड) बदलणे आणि मशीन पुन्हा नीट बंद करणे. ठाण्यात स्टेशनच्या आसपास आणि नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर १७ ला हे काम दुकानात करून मिळतं, पण बरेच जण लोकलने मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड, गाठून पार्ट आणतात आणि घरीच बसवतात.

पहिला लॅपटॉप कुठला यावर एकमत नाही. ऑस्बोर्न १ (१९८१) चं नाव घेतलं जातं, पण जवळपास ११ किलोचं ते धूड मांडीवर घेणार कोण? बॅटरीवर चालणारा एप्सन एचएक्स-२० साधारण त्याच सुमाराचा, आणि स्क्रीन मिटवून ठेवता येणारा ग्रिड कंपास १९८२ चा. खोलणाऱ्याच्या नजरेतून बघितलं तर ग्रिडचा दावा जास्त पटतो, कारण घडी आली की हिंज (बिजागरी) आलं, आणि हिंजजवळून जाणारी डिस्प्लेची केबल आली, जी आजही घाईत काम केलं की चेपते किंवा तुटते.

खरा वाद आहे तो स्क्रूंचा. डोक्यावर फुलीची खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला, मूळ कल्पना जॉन थॉम्पसनची आणि धंदा हेन्री फिलिप्सचा. जोर जास्त झाला की ड्रायव्हर मुद्दाम बाहेर निसटावा अशीच त्याची रचना केली असं सर्रास सांगतात, पण सुरुवातीच्या पेटंटांत तसं काही सापडत नाही, १९४९ च्या एका पेटंटमधे मात्र उल्लेख आहे, त्यामुळे आधी झाला तो दोष आणि नंतर त्याचा गुण केला हे मत जास्त सरळ वाटतं. जपानी जेआयएस (जपानी औद्योगिक मानकाचा) स्क्रू दिसायला तसाच पण खाच थोडी वेगळी, त्यात फिलिप्सचा बिट (ड्रायव्हरचं टोक) सहसा नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो, मग स्क्रू निघता निघत नाही. म्हणून बिट आधी हाताने बसवून बघायचा, हलत असेल तर एक नंबर वरचा-खालचा लावायचा, आणि फिरवताना खाली दाबून धरायचं. अॅपलने २००९ पासून पाच पाकळ्यांचा वेगळाच स्क्रू काढला, त्याला बिटही वेगळा लागतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते, लांब स्क्रू आखूड भोकात गेला की पामरेस्टला (कीबोर्डपुढच्या हात टेकायच्या भागाला) आतून फोड येतो, म्हणून कागदावर कव्हरचा आकार काढून जिथला स्क्रू तिथेच सेलोटेपने चिकटवतात.

काम सुरू करण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा, मशीन शटडाऊन करायचं (स्लीप चालणार नाही), चार्जर काढायचा, आणि कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. बाकीच्या कशालाही हात त्यानंतर. फुगलेल्या बॅटरीला धातूचं काही लावायचं नाही, चार्ज तर अजिबात नाही. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम २०२२ मधे आले आहेत.

स्टॅटिकबद्दल, म्हणजे अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेबद्दल, दोन टोकाची मतं आहेत. आपल्याला झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात आणि काही चिप त्याहून बऱ्याच कमीत मरतात, हे खरंच. पण खाडीकाठच्या पावसाळी हवेत चार्ज फारसा टिकत नाही, ऐरोली-महापेच्या एसी ऑफिसात मात्र टिकू शकतो. हा चार्ज काढून टाकणारा मनगटाचा पट्टा नसला तर मधूनमधून उघड्या धातूला हात लावावा, सिंथेटिक चादरीवर बसू नये.

रिबन केबलचं (चपट्या पट्टीसारख्या केबलचं) कुलूप दोन प्रकारचं, काळी पट्टी वर उचलायची किंवा बाहेर सरकवायची, नखाने हळूच. केबल ओढून काढायची नाही.

नवीन पातळ मॉडेलांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की केलेली) असते, तिथे रॅमसाठी खोलून उपयोग नाही.